प्रार्थनेत निसटलेलं नाव

त्र्याहत्तर सालचा कापणीचा सण. दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या सोलापूरच्या ख्रिस्ती देवळात उपासना संपली, की लोकांनी देवाला वाहिलेल्या वस्तूंचा अंगणात लिलाव व्हायचा. माढ्याकडच्या पाहुण्यांनी कणसं आणलेली, कुणी कोंबडा, कुणी भोपळा. मी माझ्या हातची शेंगाचटणी बरणीभर ठेवली होती.

बोली लागली आणि मागचा एक उंच पोरगा हात खालीच घेईना! बरणी मिळवली, तिथंच झाकण उघडून बोट घातलं, चाटलं... आणि डोळ्यांत पाणी.

"बाप रे! लई तिखट!"

"घ्यायच्या आधी बघायचं की," मी म्हटलं.

"बघतच होतो. पण चटणीकडं न्हाई..."

अगं बाई! माझी कानशिलं तापली. नाव विचारलं तर म्हणाला, "शांतवन. पौलस साबळ्यांचा. लहानपणापासनं नगरला शिकायला होतो."

माझं हसू तिथंच विरलं.

पौलसकाका आणि माझे बाबा एकेकाळचे जिवलग दोस्त, एकाच मिलमधले. संपात सगळे बाहेर बसले आणि पौलसकाका गुपचूप कामावर गेले. संप मोडला, बाबांची नोकरी गेली. तेव्हापासून बाबा सायकल मारत अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल विणायला जायचे. पौलसकाकांचं नाव घरात काढायची सोय नव्हती.

तरी आम्ही भेटलोच. गायनमंडळाच्या सरावाला तो पेटी वाजवायचा.

"सूर चुकला तुझा," तो हळूच म्हणायचा.

"पेटीच चुकली."

"पेटी कशाला चुकेल? वाजवणारा भलतीकडं बघतोय..."

असं करता करता वर्ष गेलं. एकदा सरावानंतर तो गंभीर होऊन म्हणाला, "पुण्याला जाऊ. रजिस्टर लग्न करू."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, "न्हाई रे. आईबापाचा मान राखायला देवानं सांगितलंय. ते काय माझ्या सोयीपुरतंच?"

"मग बाबांना सांग."

"भीती वाटते..."

तो बराच वेळ पेटीचा भाता नुसताच उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "थांबतो मी. तू म्हणशील तोवर."

घरी रोज दिवेलागणीला आमची कौटुंबिक प्रार्थना असायची. ज्याची पाळी, त्यानं जवळची माणसं नावानिशी देवापुढं ठेवायची. त्या दिवशी पाळी माझी. डोळे मिटून मी सुरू केलं, "हे दयाळू पित्या, आईचा गुडघा बरा कर. मोडनिंबच्या मावशीला सांभाळ. शांतवनला नोकरी लागू दे, त्याच्या बाबांचा दमा..."

जीभ चावली! रोज मनातल्या मनात मागत होते, ते आज तोंडातून निसटलं.

मी डोळे उघडले, तर बाबा माझ्याकडंच बघत होते.

"कोण शांतवन?"

देवापुढं बसून खोटं कसं बोलायचं? "पौलसकाकांचा. मला तो आवडतो, बाबा. तुम्ही नको म्हणालात तर त्याच्याशी लग्न करणार नाही. पण... दुसऱ्या कुणाशीही नाही."

बाबा उठले. पायात चपला सरकवल्या.

"अहो, प्रार्थना अर्धी राहिली," आई म्हणाली.

बाबा दारात पाठमोरे थांबले. "रोज देवाकडं दया मागतो मी," ते हळू म्हणाले. "आणि माझी पोर माझ्या भीतीनं एका माणसासाठी चोरून प्रार्थना करते." मग माझ्यावर ओरडले, "बस सायकलवर!"

मी कॅरिअरवर बसले. सायकल थेट पौलसकाकांच्या दारात थांबली.

काका जेवत होते. बाबांना बघून ताटावरून तसेच उठले. "रत्नाकर... त्या वेळी माझ्या घरात—"

"कारण सांगू नको," बाबा म्हणाले. "कारण ऐकलं, की मी ते तोलत बसेन. तुला माफ करायला आलोय, पौलस. आणि इतकी वर्षं तोंड फिरवलं, त्याची माफी मागायला. आता बस, जेव."

काका लहान पोरासारखे रडायला लागले. बाबा त्यांच्याशेजारी टेकले, त्यांच्याच ताटातली भाकरी मोडून घास घेतला. काकूंनी तोंडाला पदर लावला. माझ्याही डोळ्यांतलं पाणी थांबेना.

आतल्या दारात शांतवन खांबासारखा उभा होता. बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय रे? पोरीला मागणी घालायची तर आत्ता घाल. माझा भरवसा नाही, सकाळी परत राग येईल!"

"काका... मी... म्हणजे..." त्याला घाम फुटला.

"बाबा, तो मागणी घालतोय," शेवटी मीच बोलून मोकळी झाले. "आणि माझं हो आहे."

बाबा आणि पौलसकाका एकदम हसले, तोंडात घास असताना, ठसका लागेपर्यंत. लहानपणी मी त्या दोघांचं हसणं रोज ऐकायचे, आणि मधल्या वर्षांत पार विसरून गेले होते.