शेठचं शरबत

दुसऱ्या अंकात शेठ कोसळला आणि नेरजवळच्या त्या गावाने टाळ्या वाजवल्या.

कापसावर फवारताना माणसं दगावत होती, त्या वर्षांतलं हे नाटक. त्यातला शेठ बनावट औषध विकायचा आणि मेलेल्या फवारणीवाल्यावर हसायचा. पण नाटकात त्याचं मरण नव्हतंच. शेठ झालेला धर्मपाल शिंपी दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. रंगमंचावर तो प्यायलेल्या शरबतात फवारणीचं औषध निघालं.

फौजदार रंजिता राठोडने नाटक बसवणाऱ्या शामला गाठलं.

"शरबत कोणी केलं?"

"तुळसाबाईनं. पण शरबताचा जग पडद्यामागं होता, मॅडम. सारेच तिथून येत-जात."

"धर्मपालचं कोणाशी वाकडं?"

"कोणाशीच नाही. तुळसाबाईचा पोरगा फवारताना गेला, तवापासून यानंच तिचं घर पाह्यलं. माय म्हणे तिले."

"पडताना त्यानं जग लाथाडला. काहून?"

"तडफडताना लागला असन."

"पुढे त्या जगाचं काय काम होतं?"

"तिसऱ्या अंकात शेठ त्यातलं शरबत लहान पोरीले पाजते. रुपालीले, तुळसाबाईच्या नातीले. मंग माफी मांगते."

"तालीम सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिली?"

"हो. म्हणजे… तुळसाबाई सोडून. शेठ हासला का ते उठून जाये."

रंजिताने नाटकाची वही शेवटपर्यंत वाचली आणि ती तुळसाबाईच्या ओसरीवर जाऊन बसली.

"आजी, तिसरा अंक ज्याला माहीत होता, तो त्या जगात विष घालणार नाही. त्यातलं रुपाली पिणार होती. तो अंक न पाहिलेलं माणूस एकच."



"धर्मपालले नाही मारलं म्या. त्या शेठले मारलं. माह्या पोरावर हासला थो, अन् सारं गाव शिट्ट्या मारे. माह्या पोरावानी तडफडला पाहिजे, एवढंच वाटलं."

"धर्मपालला चव कळली होती, आजी. बोलता येईना, म्हणून त्यानं जग लाथाडला. रुपालीसाठी."

तुळसाबाईने खांब धरला.

"शेठ कोणाची माफी मांगते, बाई?"

"मेलेल्या पोराच्या मायची."

"पाय धरते?"

"हो."

"मंग एवढा वाईट नव्हता थो," ती पुटपुटली.

रुपाली आतून धावत आली आणि आजीला बिलगली. तुळसाबाईने तिला जवळ घेतलं नाही. दोन्ही हात तिने पदराखाली लपवले.