दुकान बंद असतानाची मापं

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पण हे माझ्या आईसमोर घडलंय, आणि आई थापा मारणाऱ्यातली नाही. भुताखेतांचं नाव काढलं की ती पोट धरून हसायची.

आता नाही हसत...

गेल्या हिवाळ्यातली भर दुपार. जागा म्हणजे मावशीचं शिवणाचं दुकान.

पूर्वी मावशी आणि काका दोघं मिळून ते चालवायचे. काका गिऱ्हाईकाच्या अंगाला टेप लावून मोठ्यानं मापं सांगायचे, मावशी ती फोनवर रेकॉर्ड करायची. कपडा गिऱ्हाईकाच्या हातात पडला की रेकॉर्डिंग डिलीट. वर्षानुवर्षांची सवय.

मग काका गेले.

तेव्हा मावशीच्या लक्षात आलं, की त्यांचा आवाज आपण आपल्याच हातानं पुसत आलोय. एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, कोट न्यायला कधीच न आलेल्या एका जाड्या गिऱ्हाईकाचं. "पोट... राहू दे, टेप संपली!" म्हणून काका त्यात खळखळून हसलेत. मावशी ते रोज ऐकायची. जीव होता तिचा त्यात.

त्या दिवशी आई तिच्याकडे जेवायला गेली होती. जेवून दोघी दुकानात परतल्या. कुलूप काढलं. मावशीनं चार्जिंगला लावलेला फोन उचलला आणि रेकॉर्डर उघडला.

रेकॉर्डर म्हणाला, जागा शिल्लक नाही.

आईनं सेटिंगमध्ये पाहिलं, तर निम्मा फोन रिकामा!

"ह्यांचं रेकॉर्डिंग तर जाणार नाही ना गं?" मावशी रडकुंडीला आली.

दोघी शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो हसला.

"काकू, दोन्ही आकडे खरे. रेकॉर्डर आत्ता रिकामी असलेली जागा सांगतो. सेटिंगवाला जी मोकळी करता येईल तीही धरतो. डिलीट केलेलं लगेच जात नाही, कचरापेटीत पडून राहतं."

त्यानं कचरापेटी उघडली.

"ही बघा, तुडुंब भरलीय. रोज दुपारचं एक लांबलचक रेकॉर्डिंग."

दुपारी दुकान बंद असतं. फोन आत, बाहेर कुलूप.

त्यानं एक लावलं.

आधी काहीच नाही...

मग टेप सरकल्याचा आवाज...

"खांदा चौदा. बाही वीस. कंबर बत्तीस."

काकांचा आवाज! तारीख मागच्या आठवड्यातली.

आईनं मापं लगेच ओळखली. दोघी बहिणी एकमेकींचे कपडे घालत मोठ्या झालेल्या. ती मापं मावशीची होती.

त्यानंतरच्या तारखेचं दुसरं लावलं. कंबर एकतीस.

तिसरं... तीस.

आईनं मावशीकडे नीट पाहिलं. ड्रेस अंगावर नुसता लोंबत होता. दुःखानं वाळलीय, असं आम्ही सगळे समजत होतो.

"पुसून टाका सगळं!" आई ओरडली.

मावशीनं फोन हिसकावून घेतला. "हात तर लावून बघ! इतकी वर्षं पुसलं मी. आता नाही."

"ताई, अगं तुझी मापं घेतायत ते!"

"घेऊ देत की," मावशी शांतपणे म्हणाली. "मला फक्त त्यांना ऐकायचंय."

आणि तिनं शेवटचं लावलं. त्याच दुपारचं. दोघी घरी समोरासमोर जेवत होत्या, त्या वेळचं.

टेप सरकली...

"कंबर..." काका म्हणाले.

आणि एक बाई हसली. अगदी लाडात.

"अहो, गुदगुल्या होतात!"

आवाज मावशीचा होता.

दुरुस्तीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, "काकू, हा फोन परत माझ्याकडे आणू नका."

मावशी अजून दुकान चालवते. तो फोन तिनं बदलला नाही, काही पुसलंही नाही. आई दर आठवड्याला तिच्याकडे जाते आणि निघताना घट्ट मिठी मारते. एकदा मी चिडवलं, "म्हातारपणी बरीच माया उतू जातेय!"

आई हसली नाही.

"माया कसली रे... माझे हात तिच्या पाठीमागे किती पुढे जातात, ते बघते मी."