सुलाबाईचं बटण

टीव्ही चालू होता. टीव्हीखालच्या पेटीवर तीन नंबरचा दिवा लागलेला होता. समोरची खुर्ची मात्र रिकामी होती.

सोमवारी रात्री रेणुका शाळेचा कार्यक्रम आटोपून घरी आली, तेव्हा दाराला बाहेरून नुसती कडी होती आणि आत सासू नव्हती. सुलाबाई सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, साखरेची पेशंट. तिचं इन्सुलिन फ्रीजमध्ये जसंच्या तसं होतं.

बुधवारी सकाळी फौजदार संघप्रिया रजेवरून गंगाखेडला परतली, तर टेबलावर हीच केस. दोन रात्री उलटल्या होत्या. बस स्टँड झालं, रेल्वे स्टेशन झालं, गोदावरीचा घाट झाला, बाईचा पत्ता नाही. तिला सगळ्यात आधी ते इन्सुलिन डोळ्यांपुढे आलं. म्हातारी जिथं असेल तिथं तिच्या हातात फार वेळ नव्हता.

जमादार मल्हारी डोळे चोळत उभा होता.

"रात्रपाळी होती का, जमादार?"

"कशाची ओ मॅडम! आमच्या सुतार गल्लीत मागच्या बाजूला कुणाचा तरी टीव्ही दोन रात्री झालं बोंबलायलाय. दिवसा बी तेच. डोकं उठलंय नुसतं."

"बरं. सुलाबाईचं सांगा. शेवटी कधी दिसली?"

"दिसली कुणालाच न्हाई. पण आठला घरात होती. पेटी सांगती ना!"

आता ही पेटी म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं. कुठली मालिका किती लोक बघतात, हे मोजायला एक कंपनी निवडक घरांत अशी पेटी बसवते. घरातल्या प्रत्येकाला एक नंबर. टीव्हीपुढे बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. या मूठभर घरांवरून साऱ्या मुलखाची आवडनिवड ठरते, आणि मुंबईत कुणाच्या नोकऱ्या राहतात, कुणाच्या जातात. कुणाच्या घरी पेटी आहे हे गुपित ठेवायचं असतं. गंगाखेडात गुपित! गल्लीतल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं.

सुलाबाईचं बटण सोमवारी आठची मालिका सुरू होताना दाबलं गेलं होतं. कंपनीनंच तसं कळवलं होतं. म्हणजे जे काही झालं, ते आठनंतर.

संघप्रिया तडक त्या घरी गेली. बाहेर आभाळ भरून आलेलं, आत अंधार. समोरच्या भिंतीवर भला थोरला नवा टीव्ही. त्याच्यापुढे सुलाबाईचा मुलगा सिद्धोधन बसला होता. पाटबंधारे खात्यात कारकून, सोमवारी परभणीला मुक्कामी. रेणुका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, नवऱ्याकडे न बघता.

"तुमचं काही भांडण?" संघप्रियानं विचारलं.

"विचारा की हिला!" सिद्धोधन उसळला. "माय अन् ही रोज कडाकडा भांडायच्या. रिमोटवरून! मायला जुन्या मालिका बघायच्या असायच्या, ही लावू द्यायची न्हाई."

रेणुकाचे डोळे भरले. "होय, न्हाई लावू दिल्या. मॅडम, दिवाळीनंतर पेटी बसली. मग भुजंगनं हा टीव्ही आणून दिला. म्हणाला, स्कीम हाय. फक्त एकच चॅनल दिवसभर चालू ठेवायचं. घरात कुणी असो नसो. आत्याबाईंचं तीन नंबरचं बटण दिवसभर लावून ठेवायचं. मला बी मोह झाला. आत्याबाई दिवसभर त्या चॅनलपुढं बसून असायच्या. म्हणायच्या, हे घर हाय का कोंडवाडा?"

"मग बंद का नाही केलं?"

"कसं करणार? भुजंग म्हणाला, आता सोडलं तर कंपनी तुमच्यावरच केस करील. मास्तरीण हाय मी. नोकरी जाईल म्हणून गप बसले."

"सासूबाईही गप बसल्या?"

"न्हाई. मंगळवारी कंपनीच्या बाई तपासायला यायच्या होत्या. आत्याबाई भुजंगच्या तोंडावर म्हणाल्या, मी समदं सांगणार." रेणुकानं नवऱ्याकडे बोट केलं. "आता ह्यांना वाटतंय, मीच काहीतरी केलं."

सिद्धोधननं मान खाली घातली. वाटत होतं खरं त्याला तसं.

"सोमवारी संध्याकाळी त्या बुद्धविहारात गेल्या नव्हत्या?" संघप्रियानं विचारलं.

"मी विचारून आलो," सिद्धोधन म्हणाला. "न्हाई गेली. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास लागल्यापासून रोज साडेसातला ग्रंथवाचनाला जाते, नऊला परतते. बाया म्हणाल्या, गुडघे धरले असतील. आमाला बी तेच वाटलं. पेटीत आठला बटण दाबलेलं, म्हणजे घरीच राहिली."

संघप्रिया सुलाबाईच्या खोलीत गेली. खाटेवर हिरवं लुगडं नीट घडी करून ठेवलेलं. खुंटीवर पिशवी. तिनं ट्रंक उघडली, खालीवर केली, बंद केली.

"रेणुकाताई, यांची पांढरी साडी कुठं आहे?"

रेणुकानं ट्रंक पाहिली, दोरी पाहिली, धुण्याची बादली पाहिली. साडी घरात नव्हती.

संघप्रियाला गावाकडची आई आठवली. पालमला तिची आई तीन महिने रोज संध्याकाळी हेच करायची. रंगीत लुगडं उतरवून घडी घालायची आणि पांढरी साडी नेसायची.

शेजारच्या दैवशालाबाई न बोलावताच आल्या होत्या.

"सोमवारी रात्री काही ऐकलंत?"

"ऐकलं की! भजनाहून आले अन् भिंतीतून आठच्या मालिकेचं गाणं. म्हणलं, हाय म्हातारी घरी."

"सुलाबाईंचा आवाज आला?"

"आवाज कसला येतोय? एवढा मोठा लावलेला टीव्ही. एरवी सुलाबाई हळू लावायची ओ. भिंतीला कान लावावा लागायचा मला." त्यांनी जीभ चावली, मग डोळ्यांना पदर लावला. "तुमाला काय सांगू मॅडम, ह्या वस्तीत पहिला टीव्ही सितारामकाकानं आणला, सुलाबाईच्या नवऱ्यानं. आमच्या घरचे इकडं पाठवायचे न्हाईत. पण मालिका लागली की मी पळून यायची. अंगणात ही गर्दी! एकजण वर अँटेना फिरवायचा, खालून समदे ओरडायचे, आलं, आलं, गेलं! रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. एसटीचा ड्रायव्हर गाडी उभी करून हाटेलात बघत बसायचा. तवा कोण पेट्या बसवत होतं? रस्ता ओस पडला की कळायचं, मालिका चांगली हाय."

सिद्धोधन एवढ्यातही हसला, आणि मग त्याला रडू कोसळलं. रेणुका जागची हलली नाही.

दुपारी भुजंग स्वतःहून ठाण्यात आला. चाळिशीचा, तोंडात बडीशेप, बोलणं गोड. पूर्वी केबलवाला. आता कंपनीच्या पेट्यांची देखभाल करायचा.

"काही मदत लागली तर सांगा मॅडम. मला बी झोप न्हाई त्या काळजीनं."

"सोमवारी आठनंतर कुठं होतात?"

"मंगल कार्यालयात. पक्षाचा मेळावा होता, मोठा पडदा माझा. मालिका लागून थोडाच वेळ झाला असंल, तवापासून मध्यरात्रीपर्यंत शेदीडशे माणसांत होतो. कुणालाबी विचारा."

"विचारलं. खरं आहे. सुलाबाई कशा होत्या?"

"लय प्रेमळ. अन् आठच्या मालिकेची वेडी! जग बुडालं तरी एक दिवस चुकवायची न्हाई. पेटी बसवल्यापासून बघतोय ना मी. बाकीचं दिवसभराचं सोडा, पण आठला गेलं की खुर्चीत बसलेलीच."

"नवा टीव्ही तुम्ही दिलात?"

बडीशेप चावायची थांबली. "भेट ओ. ओळखीचे लोक."

"आणि केबलचा धंदा?"

"मेला. डिश आली, मोबाइल आले. सुतार गल्लीतली कंट्रोल रूम वर्षभर बंद हाय. लाइट तोडलेली, मशीनी भंगारात दिल्या."

"बरं. संध्याकाळी सुलाबाईंच्या घरी या. पेटी समजावून सांगायला माणूस हवा."

तो गेला. संघप्रियानं तपासणीला आलेल्या कंपनीच्या शुभदाबाईंना फोन लावला. त्या परभणीत उतरल्या होत्या. तिनं एकच गोष्ट विचारली. उत्तर ऐकून तिनं मल्हारीला आत बोलावलं आणि दार लोटून दोन मिनिटं हळू आवाजात काही सांगितलं. मल्हारीची झोप उडाली.

संध्याकाळी सुलाबाईच्या बैठकीत सगळे जमले. भुजंग टीव्हीजवळ, सिद्धोधन आणि रेणुका दोन टोकांना, मध्ये दैवशालाबाई. संघप्रियानं बाहेरचं दार आतून लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पंखा बंद होता. कुणी तो लावायला उठलं नाही.

"आपण सगळे एका पेटीवर विसंबलो," ती म्हणाली. "पेटी म्हणाली, आठला सुलाबाई घरात होत्या. पण पेटीला माणूस दिसत नाही. तिला फक्त बटण कळतं. बटण कुणीही दाबू शकतं."

"म्हंजे?" दैवशालाबाई पुढे सरकल्या.

"रंगीत लुगडं खाटेवर घडी केलेलं आहे, पांढरी साडी घरात नाही. पांढरी साडी नेसून बाई मालिका बघायला बसत नाही, विहारात जायला निघते. म्हणजे सुलाबाई साडेसातच्या आधीच घरातून निघाल्या होत्या, आणि वाटेत कुणीतरी गाठलं. आठला त्या इथं नव्हत्याच. बटण दुसऱ्यानं दाबलं. टीव्हीही त्यानंच मोठा लावला, शेजाऱ्यांना ऐकू जावा म्हणून."

"कुणी?" सिद्धोधननं बायकोकडे बघितलं.

"त्यांच्याकडे बघू नका. सुलाबाईंचा नंबर तीन, हे कुणाकुणाला ठाऊक? घरातल्या माणसांना, आणि पेटी बसवणाऱ्याला. घरातल्या माणसानं हा डाव खेळला असता, तर आठची मालिका निवडलीच नसती. वर्षावासात सुलाबाई आठला घरी नसतात, हे तुम्हा दोघांना पाठ आहे. हे ठाऊक नसलेलाच माणूस ही चूक करील. पेटी दिवाळीनंतर बसली. तेव्हापासून आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागेपर्यंत सुलाबाई खरंच रोज आठला खुर्चीत असायच्या. ज्यानं त्यांना तेवढेच महिने पाहिलं, त्याला वाटलं, हे बाराही महिने असंच."

भुजंग हसला. पण हसू अर्ध्यातच राहिलं. "मॅडम, अंदाजावर माणसाला गुन्हेगार करायलाय तुमी."

"अंदाज कसला? पौर्णिमेपासून तीन नंबरचं बटण रोज आठच्या आधी, सुलाबाई विहारात निघताना, बंद केलं जात होतं. फक्त सोमवारी ते आठला लागलं. शुभदाबाईंनी पाहून सांगितलं. तुम्हाला हा हिशेब दिसत नाही, तो मुंबईला जातो. म्हणून तुम्हाला कळलंच नाही."

"मी मेळाव्यात होतो!"

"आठनंतर. बटण दाबून निघालात, पोचलात. म्हातारीला पळवायला आठनंतर वेळ नव्हता, एवढंच तुम्हाला सिद्ध करायचं होतं. पळवलंत त्याच्या आधी. काय सांगितलंत त्यांना? कंपनीच्या बाई आजच आल्यात, चला गाडीतून, बोला, लगेच परत आणून सोडतो? आणि त्यांच्याच किल्लीनं हे घर उघडलंत."

भुजंग उठला. दाराकडे बघितलं. दारात संघप्रिया होती.

"माझी माय कुठाय?" सिद्धोधननं त्याची कॉलर धरली. "सांग, कुठाय माय?"

"सोडा त्यांना," संघप्रिया म्हणाली. "सुतार गल्लीतली कंट्रोल रूम वर्षभर बंद, लाइट तोडलेली, असं तुम्हीच सांगितलंत. मग तिथं दोन रात्री टीव्ही कसा बोंबलतो? आत कुणी ओरडलं तर बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. मल्हारी जमादार कधीच तिकडे गेलेत. त्यांचं काम होईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही, म्हणून ही सगळी बैठक."

भुजंग खाली बसला. "मारायचं नव्हतं ओ मॅडम. तपासणी होईस्तोवर ठेवायचं होतं. चॅनलवाल्यांच्या पैशावर अशी अकरा घरं होती माझ्या हाताखाली. म्हातारीनं तोंड उघडलं असतं तर जेलातच गेलो असतो. मग सोडावं कसं तेच कळंना. सोडलं तर बोलंल, ठेवलं तर मरंल. भाकरी नेऊन देत होतो मी, खरंच."

"आणि इन्सुलिन?"

त्यानं तोंड झाकून घेतलं.

संघप्रियाचा फोन वाजला. तिनं ऐकलं, डोळे मिटले, उघडले.

"आहेत. शुद्ध थोडी हरपलीय, पण आहेत. दवाखान्यात नेलंय."

रेणुकाच्या तोंडून जो हंबरडा फुटला, तो ऐकून दैवशालाबाईंनीही गळा काढला. सिद्धोधन बायकोजवळ गेला. रेणुकानं त्याचा हात धरून त्याला बाहेर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सुलाबाईनं डोळे उघडले. अंगावर अजून तीच पांढरी साडी, मळून गेलेली. घसा बसलेला. दोन दिवस टीव्हीवर मात करायला ओरडत होती बिचारी, मल्हारीच्या भिंतीपलीकडे. मल्हारी हे ऐकून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला होता.

"आत्याबाई, तो टीव्ही मी काढून टाकला," रेणुका म्हणाली. "कंपनीला समदं लिहून दिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ द्या. चूक माझी होती."

सुलाबाईनं तिच्याकडे पाहिलं. रागावून, की प्रेमानं, संघप्रियाला कळलं नाही. दोन्ही असेल.

बाहेरून गार वारा आला, म्हणून नर्स खोलीचं दार लावायला गेली. सुलाबाई खाटेवर धडपडून उठली. सलाइनची नळी ताणली गेली.

"लावू नका ओ बाई! दार लावू नका!"

"अहो आजी, गारठा येतोय."

"येऊ दे. मी सोसन. पण लावू नका."

रेणुका उठली. तिनं आपलं स्टूल उचललं, उंबऱ्यात नेऊन ठेवलं आणि दाराला खांदा लावून त्यावर बसली. दार आता लागणार नव्हतं. सुलाबाईनं बराच वेळ तिच्याकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदा डोकं उशीवर टेकलं.