इरियाने लपवलेला सोमवार

"इरिया! अगं पोरी, सोमवारी येतेयस ना?"

अल्फामा या जुन्या वस्तीच्या पायऱ्यांवरून कोथिंबिरीच्या जुड्या सांभाळत उतरणाऱ्या बाईंनी भर रस्त्यात हाक मारली आणि इरिया जागीच थबकली. लिस्बनमध्ये एवढी माणसं... आणि नेमक्या डोना ओडेटच समोर याव्यात!

"मी... कळवते तुम्हाला."

"कळवायचं काय राहिलंय आता? तुझ्या हातचं काम बघून आमच्या कार्यशाळेतले म्हातारे कारागीरही गप्प झाले. टेबल रिकामं ठेवलंय तुझ्यासाठी." मग इरियाचा हात धरून उभ्या असलेल्या तेल्मोला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या हसल्या. "हा कोण? चांगला दिसतोय की!" आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेल्या.

तेल्मोने तिचा हात सोडला नाही.

उत्तरेकडच्या डोंगरात त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. जवळच्या गिमराइंश शहरात शनिवारच्या बाजारात तो मध विकायचा. तिथल्याच कारखान्यात भिंतीच्या टाइल्स रंगवणारी इरिया दर शनिवारी त्याच्याकडून एक बाटली घ्यायची... घरात कुणी मध खात नसतानाही. असं वर्ष गेलं होतं. लिस्बन त्याने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिनेच त्याला तीन दिवसांसाठी आणलं होतं. आज पहिला दिवस.

टेकडीवरच्या कठड्यापाशी दोघं कॉफी घेऊन बसले. खाली लाल कौलं, त्यापलीकडे रुंद, शांत नदी.

"कधीपासून ठरलंय?" त्याने विचारलं.

"तीन आठवडे झाले. पण मी अजून हो म्हटलेलं नाही."

"आणि मला इथे आणलंस ते—"

"सांगायलाच. सकाळी ट्राममध्ये सांगणार होते. पण तू खिडकीतून असा बघत होतास ना... धीरच झाला नाही."

"काम कसलं आहे?"

"चर्चमधल्या फुटक्या टाइल्स जुळवायच्या. हरवलेला भाग रंगवायचा. कुणाचा तरी अर्धा चेहरा, जहाजाचं शीड..." बोलता बोलता तिचा आवाज खुलला; मग ती एकदम थांबली. "जाऊ दे. तुझ्या पेट्या काही डोंगर सोडून यायच्या नाहीत."

तेल्मोने कॉफी संपवली आणि तो उठला.

"चल."

"कुठे? किल्ल्यावर?"

"किल्ला कुठे पळून जातोय? ते टेबल दाखव."

कार्यशाळेत ओल्या मातीचा वास होता. डोना ओडेट नुकत्याच पोचल्या होत्या. त्यांनी काही न विचारता खिडकीजवळची खुर्ची पुढे केली. टेबलावर फुटक्या टाइल्सवरचा एक देवदूत पडला होता, गाल नसलेला. "जरा हात तर चालव," त्या म्हणाल्या. इरियाने ब्रश उचलला. एक फिकी निळी रेघ, मग दुसरी...

मान वर केली तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. तेल्मो दाराला टेकून तिच्याकडे बघत होता.

"काय रे?"

"काही नाही. पेटी उघडताना मी असाच दिसत असेन." तो हसला, पण डोळे भरले होते. "त्यांना हो सांग, इरिया."

"आणि आपण?"

"थंडीत माश्यांना माझी फारशी गरज नसते. भाऊ लक्ष ठेवेल. चार महिने मी इथे येतो, पाव भाजेन, खोकी उचलेन, काहीही. उरलेले आठ महिने गाडीचे धक्के खाऊ. कधी तू, कधी मी."

तिने आत जाऊन डोना ओडेटना होकार दिला. बाहेर आली तेव्हा पाय हलके झाले होते, पण मनात एक गोष्ट टोचत होतीच.

"तेल्मो... राग नाही ना आला?"

"आला ना! चांगलाच आला. जाण्याचा नाही... तीन आठवडे एकटीच कुढत बसलीस, त्याचा." गल्लीत दोरीवरच्या चादरींचं पाणी टपटपत होतं. तो थांबला, अडखळला. "पुन्हा असं करू नकोस. माझं... प्रेम आहे गं तुझ्यावर."

वर्षभरात हे त्याने पहिल्यांदा म्हटलं होतं. इरियाने भांडणाची सगळी तयारी केली होती, याची नव्हती. तिला रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय? लोकांना वाटेल मीच काहीतरी केलं."

"केलंसच की," ती म्हणाली, आणि टाचा उंचावून तिने त्याला तिथेच, भर गल्लीत, जवळ ओढलं.