खालच्या अर्ध्या पडद्यावर

नोव्ही सादच्या संगणक मंडळाच्या तळघरात यंत्र एकच होतं. धुक्याने डॅन्यूब गिळून टाकलेल्या त्या दुपारी त्याच्यापुढच्या एकुलत्या खुर्चीवर दोघं एकदमच बसायला गेली. अर्धी खुर्ची नेवेंकाला मिळाली, अर्धी ओग्न्येनला.

"ऊठ," नेवेंका म्हणाली.

"तू ऊठ. माझा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम अर्धवट राहिलाय."

कुणीच उठलं नाही. शेवटी नेवेंकाने खपून अशी व्यवस्था लिहिली, की त्या चिमुकल्या प्रोसेसरने क्षणभर तिचं काम करावं, क्षणभर त्याचं; आणि अदलाबदल इतकी झटपट, की प्रत्येकाला वाटावं, हा फक्त माझा. दोन घरं करणाऱ्या पुरुषांना जे जन्मभर साधत नाही, ते यंत्राला साधलं. ओग्न्येनने दुसरा कळफलक जोडला. वरचा अर्धा पडदा तिचा, खालचा त्याचा. दुसरी खुर्ची मात्र कुणी आणली नाही.

मग त्याला लष्कराचं बोलावणं आलं. वर्षभर सक्तीची सेवा, उद्याची गाडी.

त्या संध्याकाळी तिने आपला अर्धा पडदा काळा केला आणि तोंडातून निघत नव्हतं ते टाइप केलं... पुसण्यासाठीच.

खाली, त्याच्या घोड्या-उंटांच्या मधोमध अक्षरं उगवली — जाऊ नकोस.

"तुझ्या यंत्राला बाधा झालीय, नेवेंका."

"बाधा कसली? याच्या मेमरीत दोन कामांच्या मध्ये भिंतच नसते. जागा कमी सोडली, की इकडचं तिकडे सांडतं."

"म्हणजे... हे इकडचं?"

तिचे कान तापले. तिने घाईने आपलं काम बंद केलं. तरी खाली एकेक अक्षर उमटतच राहिलं, सावकाश — ती घाबरलीय.

ओग्न्येनने दोन्ही हात वर केले. "मी नाही."

तिचेही हात मांडीवर होते. तिने यंत्राला विचारलं, किती कामं चालू आहेत? उरायला हवं होतं एक, त्याचं बुद्धिबळ. उत्तर आलं, दोन.

तळघर गार पडलं.

"वायर उपटू?"

"थांब... पहिली ओळ माझी होती."

"आणि दुसरी?"

"कुणाची, ठाऊक नाही. पण खोटी नाही."

त्याने तिचा हात हातात घेतला.

"परत येईन मी. तोवर... वाट बघशील?"

"बघेन."

पडद्यावर अक्षरं आली — मीही.

ओग्न्येनचा हात वायरकडे गेला. नेवेंकाने तो अडवला.

"राहू दे चालू," ती म्हणाली. "वर्ष मोठं असतं."