अर्धं पाऊल मागे

ऐक गं फक्त. मध्ये बोलू नकोस, आधीच डोकं तापलंय माझं!

आपली चिमणी... सिनेमातले आवाज परत काढतात ना, त्या स्टुडिओत लागली. पडद्यावर कुणी चाललं, की ह्यांनी माईकसमोर जागच्या जागी बूट वाजवायचे. आणि तिथेच आहे तो उस्ताद! वय जेमतेम एकोणतीस, पण नुसत्या बुटांनी सांगतो, माणूस रागावलाय की रडतोय. कॉलेजपासून ही त्याचे सिनेमे डोळे मिटून ऐकायची. आणि पहिल्याच दिवशी जिन्यात त्याच्यावरच आदळली, हातातले चार जोड बूट घरंगळत खाली! त्याने उचलून दिले, तर बया म्हणते काय —
"सॉरी सर, मला चुकून निवडलंय."

काल शेवटचा सीन. भांडलेले नवरा-बायको शेजारी-शेजारी चालत घरी जातात. नवरा तो, बायको ही. रात्री आठपर्यंत जमलं नाही तर जुने साठवलेले आवाज लावणार, आणि ही परत वायरी गुंडाळायच्या कामाला.

"बाई, नवऱ्याच्या मागे का चालतेयस?" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले काका ओरडले. "अर्धं पाऊल मागे!"

दुसऱ्यांदा, मागे. नवव्यांदा... मागेच! त्याचं पाऊल ऐकल्याशिवाय हिचं उचलेल तर शपथ. अकराव्यांदा तर दोघंही रेंगाळले.

"अरे, ती माणसं दारात पोचली! तुम्ही अजून कोपऱ्यावरच!" काकांनी कपाळ बडवलं.

हिचा बांध फुटला. "मला काढा, काका. नाही येत मला. सरांनी चुकून —"

"चुकून?" तो बुटाची नाडी बांधायला वाकला. "तू पाठवलेलं रेकॉर्डिंग सहा वेळा ऐकलंय मी. जिना उतरणारी म्हातारी... तिचा हात कठड्यावर होता ना?"

"हो... पण हाताचा आवाज मी काढलाच नव्हता."

"तरी ऐकू आला." त्याचे कान लाल. "आजचा घोळ माझा आहे. तू माझं पाऊल ऐकायला थांबतेस, आणि मी... तुझं."

हिने उगाच बुटाची टाच पुसली.

"आता माझ्याकडे नको, पडद्यावरच्या बायकोकडे बघ."

"मी कुठे तुमच्याकडे —"

"दोन तास बघतेयस. मला कसं कळलं, विचारू नकोस."

हिने पडद्याकडे पाहिलं. बायकोला घरातला दिवा दिसला होता. अशी बाई थांबेल का कुणासाठी? हिचं पाऊल आधी पडलं. लगेच त्याचं... आणि दारापर्यंत दोघांचं बरोबर.

"सुटलो!" काका म्हणाले. "आता निघा, दोघंही!"

स्टुडिओच्या फाटकाशी हिचं पुन्हा तेच. "तुम्ही व्हा पुढे."

"अंहं. तू टाक पाऊल. मी येतो शेजारी."

आणि ही गोंधळात वळली डावीकडे. घर उजवीकडे! बेकरी गेली, पूल गेला...

"किती लांब गं तुझं घर?"

"आलंच!"

आणि मी इकडे खोलीवर आम्हा दोघींची ताटं वाढून बसलेली, जेवण गारढोण! बरं, आता खरं सांग... तू असतीस तर सांगितलं असतंस त्याला, घर उलट्या दिशेला आहे म्हणून?