हरवलेला उतार

"फुगे कोण फुगवणार?" धाकट्या काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फुग्यांची पिशवी ठमीच्या मांडीवर टाकली.

"काका, आम्ही उतार शोधायला निघालोय!" ठमी ओरडली.

"शोधा की! फुगे झाले की शोधा!"

ठमीचे गाल रागाने आधीच फुगले होते. सुट्टीच्या या महिन्यात घरात नुसता धुमाकूळ चालला होता. आजोबांची पंचाहत्तरी झाली, ताईचं लग्न ठरलं, मामांनी नवं घर घेतलं, आणि आज आत्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून समारंभ. दर वेळी तेच सभागृह, तेच व्यासपीठ आणि सजावटीला तेच काका. हाताखाली राबायला ठमी, तिचा धाकटा भाऊ बुटक्या आणि काकांचा मुलगा भोपू. भोपूचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा.

खरं म्हणजे मुलांनी या सुट्टीत वेगळंच काम अंगावर घेतलं होतं. सभागृहाला लागून वस्तीचं वाचनालय होतं. तिथे दर रविवारी लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायची. वाचणारा होता त्यांचा मित्र, ड्रायव्हर. तो चाकांच्या खुर्चीत बसायचा आणि ती अशी भन्नाट हाकायचा की हे नाव त्याने स्वतःच स्वतःला देऊन टाकलं होतं. गोष्ट वाचावी तर त्यानेच! गोष्टीत वाघ आला की पोरं एकमेकांच्या मांडीत शिरायची.

पण वाचनालयाच्या दाराला उंच पायऱ्या. म्हणून मुलांनी सुतारकाकांच्या मदतीने जुन्या फळ्यांचा एक लांब उतार बनवला. घासून घासून हातांना फोड आले. उजवीकडची एक फळी जरा पातळ निघाली, पण तीच चालवून घेतली. मग त्याला पिवळाधमक रंग दिला. वाचनालय बंद झालं की तो उचलून मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. पहिल्या रविवारी ड्रायव्हर ऐटीत आत गेला. पुढच्या रविवारी बघतात तर उतार गायब!

मग शेजारच्या दोघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. खुर्ची कलली, पुस्तकं धपाधप खाली.

"मला असं उचलू नका," ड्रायव्हर म्हणाला. "मी काय कपाट आहे?"

तेव्हापासून तो खिडकीबाहेर बसून वाचायचा. पोरं ऐकायला रस्त्यावर यायची आणि गाड्या त्यांच्या पाठीला घासून जायच्या.

"हे धोक्याचं आहे रे," वाचनालयाच्या बाई शेवटी म्हणाल्या. "या रविवारीही तुला आत येता आलं नाही, तर मला दुसरा वाचणारा बघावा लागेल."

तो रविवार आजच होता! गोष्ट चारला, आणि उताराचा पत्ता नाही.

शोधायला वेळ तरी कुठे मिळत होता? भंगारवाल्याकडे निघावं, तर आई हाक मारायची, "ठमे, पाहुण्यांना पाणी दे!" सुतारकाकांच्या गल्लीत वळावं, तर मामा म्हणायचे, "बुटक्या, खुर्च्या मांड!" भोपूला तर काका हातातून सोडतच नव्हते.

"मोठ्या माणसांना लहानांचं काम म्हणजे खेळच वाटतो!" ठमीने एक फुगा रागाने इतका फुगवला की तो फटकन फुटला.

दुपारी समारंभ सुरू झाला. आत्या आणि तिचे यजमान व्यासपीठावर बसले. वर जायला लाल गालिचा अंथरलेला ऐटबाज चढ होता. काका त्या चढावर मधोमध उभे राहिले आणि माईक घेऊन म्हणाले, "आमच्या मुलांनी सुट्टीत लोकांसाठी काम केलं. घाम गाळून एक उतार बनवला. पण कुणा नालायकाने तो पळवला! लाज वाटली पाहिजे त्याला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुटक्या पुटपुटला, "भाषण नको, उतार द्या."

आत्याने ड्रायव्हरलाही बोलावलं होतं. तो फुलं घेऊन निघाला. गालिच्यावरून खुर्ची वर चढू लागली आणि मध्येच थांबली. तो मागे आला, पुन्हा चढला, पुन्हा थांबला.

"काय झालं? ढकलू का?" ठमीने विचारलं.

"नको! ठमे, इथे माझं उजवं चाक खाली बसतंय. अगदी आपल्या उताराच्या पातळ फळीवर बसलं होतं तसं!"

ठमी गुडघ्यांवर बसली. तिने गालिच्याची कड उचलली. खाली पिवळाधमक रंग!

गेले सगळे समारंभ तिघंही त्यावरून धावले होते. सरबताचे ट्रे घेऊन!

"बाबा!" भोपू किंचाळला. "नालायक तुम्हीच!"

"हळू बोल!" काकांचा चेहरा पडला. "मागच्या भिंतीला टेकलेला होता. मला वाटलं, सभागृहाचंच सामान."

"आम्ही रोज सांगत होतो ना, पिवळा उतार हरवलाय म्हणून?"

"सांगितलं असेल. मी 'हं' म्हणालो असेन."

"आता तरी द्या! चार वाजत आले!"

"देतो रे. केक होऊ दे. मग फोटो. मग सगळं आवरलं की..."

ठमीला रडू फुटायचं बाकी होतं. पण रडून काकांकडून काहीच मिळालं नसतं. तिने भोपूच्या कानात काहीतरी सांगितलं. भोपूने माईकही घेतला नाही.

"मंडळी! उतार सापडला! माझे बाबा तो आत्ताच्या आत्ता स्वतःच्या हातांनी वाचनालयात नेणार आहेत! जोरदार टाळ्या!"

सभागृह दणाणलं. काका इकडे बघतात, तिकडे बघतात. सगळीकडे टाळ्याच! शेवटी त्यांनी कोट काढला आणि बाह्या सरसावल्या.

"अरे, पण आम्ही खाली कसं यायचं?" वरून आत्या ओरडली.

"फोटो होईपर्यंत तिथेच थांबा, आत्या!" बुटक्या म्हणाला.

एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला मुलं. धापा टाकत त्यांनी उतार दाराशी लावला. बाई दारातच उभ्या होत्या. ड्रायव्हरने चाकांवर हात ठेवले आणि एका दमात आत गेला. पोरांनी एकच गलका केला.

"पुढच्या रविवारीही तूच वाचायचं," बाई म्हणाल्या.

आजोबा काठी टेकत मागोमाग आले होते. त्यांनी ठमीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास! आमच्या पायाखाली होतं आणि आम्हाला दिसलं नाही. पोरांनो, चुकलं आमचं."

काका घाम पुसत सगळ्यांत पुढे, पोरांच्या तोंडासमोर उभे होते. ड्रायव्हरने पुस्तक उघडलं आणि मान वर केली.

"काका, मागे बसा. उंच माणसं मागे."

काका निमूटपणे मागे जाऊन मांडी घालून बसले आणि गोष्ट सुरू झाली.